घड्याळ उत्तम, कडी भिकार: नऊ महिने धावल्यानंतर

पट्टा बकलातून ओढून घेतल्यावर उरलेलं शेपूट अडकवायला एक रबरी कडी असते बघा. नखाएवढी. हा रिव्ह्यू धावताना घालायच्या स्मार्ट घड्याळाचा, पण बराचसा त्या कडीबद्दल आहे. स्क्रीन उन्हात दिसते का, बॅटरी किती दिवस जाते, सॅटेलाइट किती वेळात पकडतं, हे ज्यांना हवंय त्यांनी खोक्यावर वाचावं. तिथं लिहिलंय ते बहुतेक खरंच आहे.

मी आठवड्यातून चार दिवस धावते. वय 44. घड्याळ घ्यायचं की नाही यावर दोन महिने घालवले, कारण फोन कमरेला बांधून फुकटच्या ॲपवर अंतर मोजणं चाललंच होतं आणि त्यात काही अडत नव्हतं. घेतलं ते केवळ हृदयाच्या ठोक्यांसाठी. माझी खोड अशी की सोप्या धावेच्या दिवशीही मी पळत सुटते आणि मग जोर लावायच्या दिवशी पाय उचलत नाहीत. कुणीतरी मनगट धरून ‘हळू’ म्हणायला हवं होतं.

पहिले चार महिने ते काम घड्याळानं चोख केलं. फक्त सुरुवातीला एक दुरुस्ती करावी लागली. विकत आणलेलं घड्याळ तुमचे कमाल ठोके 220 वजा वय असे धरतं. म्हणजे माझे 176. सोप्या धावेला त्याच्या 60 ते 70 टक्के म्हणजे 106 ते 123, आणि त्यात राहायचं तर मला धावणं सोडून चालावं लागतं. हे सूत्र सरासरीचं आहे. एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. चढावर तीनदा जीव तोडून धावून पाहिलं तेव्हा माझे 188 भरले. सकाळी उठल्या उठल्या 56. मधलं अंतर 132. त्याचे 60 ते 70 टक्के काढून 56 मिळवले की होतात 135 ते 148. ही कार्व्होनेनची पद्धत. हे आकडे हातानं भरले आणि 148च्या वर गेलं की मनगटावर थरथर व्हावी अशी सोय केली.

त्या थरथरीनं मला धावायला शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल. पहिले तीन आठवडे लाज वाटायची, इतकं हळू. मग त्याच पाच किलोमीटरच्या फेरीवर, त्याच 7:20च्या पेसला (किलोमीटरला 7 मिनिटं 20 सेकंद), सरासरी ठोके 152 वरून 144 वर आले. नऊ महिन्यांत घड्याळानं मला दाखवलेला सगळ्यात मोलाचा आकडा हाच: तोच रस्ता, तीच वेळ, तोच वेग आणि ठोके कमी. बाकी रंगीत चकत्या आणि बाण दिसायला बरे आहेत. त्यावेळी कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

पाचव्या महिन्यात कडी तुटली.

तुटली म्हणजे एका बाजूनं चिरली आणि दुसऱ्या दिवशी कुठंतरी पडली. पट्ट्याचं शेपूट मोकळं झालं. बाहीत अडकायचं, दर पावलाला मनगटावर फटफट वाजायचं. कस्टमर केअरला फोन केला. नम्र माणसं, दर वेळी नवीन, आणि दर वेळी मी पहिल्यापासून सांगायचं. कडी सुटी मिळत नाही, अख्खा पट्टा घ्यावा लागेल. पट्टा झिजणारा भाग, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही. फोटो पाठवा. तुटलेल्या जागेचा जवळून फोटो पाठवा. (कडी पडलीय हो! नसलेल्या वस्तूचा जवळून फोटो कसा काढायचा?) आणि तिसऱ्या ईमेलमध्ये, मी शप्पथ घेऊन सांगते, ‘कृपया घड्याळ एकदा फॅक्टरी रीसेट करून पाहा.’

जखम मांडीला, मलम शेंडीला. पण रीसेट केल्याशिवाय तक्रार पुढं सरकणार नाही म्हणाले, म्हणून केलं. तक्रार तरीही सरकली नाही. नवा पट्टा मी घेतला नाही. नखाएवढ्या रबरासाठी अख्खा पट्टा विकत घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही, आणि कंपनी हेच धरून चालते की शेवटी माणूस कंटाळून घेईल. मी कंटाळत नसते. शेपूट फडफडू नये म्हणून एक साधा उपाय केला: पट्टा एक भोक सैल बांधायला लागले. सैल बांधला की शेपूट आखूड उरतं आणि कमी वाजतं.

इथून पुढचे सहा आठवडे वाया गेले. तेव्हा हे कळलं नाही.

झालं असं की सोप्या धावेला ठोके एकदम 165, 167, 168 दिसायला लागले. धाव सुरू करून पाच-सात मिनिटं झाली की आकडा वर उडी मारायचा आणि तिथंच बसायचा. थरथर तर सतत. व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा) अंदाज 41 वरून 40, मग 39, मग 37. त्याच्याखाली लाल बाण आणि ‘तुमची फिटनेस घसरत आहे’. रोज सकाळी घाम पुसताना हे वाचायचं. मी आधी झोपेवर ढकललं, मग उकाड्यावर, मग वयावर. उकाड्यात ठोके चढतात हे खरंच आहे, कारण शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडं वळतं. त्यामुळे कारण पटण्यासारखंही होतं. मग हळू धावले. आणखी हळू. तरी 167. मग उलटं वाटलं की आपण जोर लावायला कमी पडतोय, म्हणून आठवड्याला एक जादा इंटरव्हलची (थोडं जोरात, थोडं हळू अशा आलटूनपालटून फेऱ्यांची) कसरत घातली. दोन आठवड्यांत डाव्या नडगीनं तक्रार केली, ती मात्र खरी होती. दहा दिवस घरी.

त्या दहा दिवसांत चिडून या रिव्ह्यूचा पहिला खर्डा लिहिला. त्यात एक तारा होता आणि सेन्सरबद्दल बरेच अपशब्द होते. तो टाकला नाही हे बरं झालं.

पुन्हा धावायला लागले तेव्हा भाची सोबत होती. ती ठोके मोजणारा छातीचा पट्टा लावते. दोघी गप्पा मारत, अगदी वाक्यच्या वाक्य न तोडता बोलत धावत होतो, आणि माझ्या मनगटावर 168. तिनं वाकून बघितलं.

“मावशी, 168 ठोक्यांना तू एवढं बोलशील?”

थांबले. मानेवर दोन बोटं ठेवली आणि 15 सेकंद मोजले: 34. चारनं गुणले की 136. घड्याळ अजून 160च्या घरात. भाचीनं घरी येऊन माझ्या मागच्या महिन्याच्या धावा ॲपवर उघडल्या आणि ठोक्यांच्या आलेखावर पावलांचा, म्हणजे केडन्सचा, आलेख चढवला. दोन्ही रेघा एकमेकींवर. माझी पावलं मिनिटाला 166 ते 168 पडतात. “हे तुझे ठोके मोजतच नाहीये. पावलं मोजतंय.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मनगटावरचा सेन्सर हिरवा उजेड आत सोडतो. रक्त हिरवा उजेड शोषतं. ठोका पडला की मनगटात रक्त थोडं वाढतं आणि परत येणारा उजेड थोडा कमी होतो. त्या चढउताराची लय म्हणजे ठोके. घड्याळ सैल असेल तर दर पावलाला ते उडतं, फटीतून बाहेरचा उजेड शिरतो आणि पावलांची लय रक्ताच्या लयीपेक्षा ठळक होते. घड्याळ बिचारं ठळक लय पकडून बसतं. धावणाऱ्यांत याला केडन्स लॉक म्हणतात. छातीचा पट्टा हृदयाचे विजेचे संकेत पकडतो, त्यामुळे तो यात फसत नाही.

आणि व्हीओटू मॅक्स? प्रयोगशाळेत तो तोंडाला मास्क लावून श्वासातले वायू मोजून काढतात. घड्याळ फक्त वेग आणि ठोके यांची सांगड घालतं. तोच वेग आणि ठोके जास्त, म्हणजे बाई थकली, एवढंच त्याचं तर्कशास्त्र. वर माझा तो रीसेट! माझे 188 पुसून पुन्हा 176 बसले होते आणि मला पत्ता नव्हता. एरवीसुद्धा थरथर 123 लाच होत होती. म्हणजे कडी नाही म्हणून पट्टा सैल, पट्टा सैल म्हणून ठोके खोटे, कडीसाठी रीसेट म्हणून मर्यादाही खोट्या, आणि शिक्षा नडगीला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद चकती कापली आणि पट्ट्यावर चढवली. कडी तयार. आता घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, धावताना एक भोक घट्ट, धाव संपली की पुन्हा सैल. भाचीचा छातीचा पट्टा दोन आठवडे उसना घेऊन दोन्ही ताडून पाहिले. सरळ धावेत एक-दोन ठोक्यांचा फरक. इंटरव्हलमध्ये मात्र मनगट मागं पडतं: 400 मीटरची जोरदार फेरी संपत येते तेव्हा कुठं आकडा वर पोचतो. म्हणून त्या दिवशी मी ठोके बघतच नाही, पेस बघते. व्हीओटू मॅक्स तीन आठवड्यांत 41 वर परतला, आता 42 आहे. लाल बाण गेला. माझी माफी कुणी मागितली नाही.

तेव्हा सेन्सरबद्दलचे अपशब्द मागे घेतले आहेत. कडीबद्दलचे नाहीत.

आता अर्ध्या मॅरेथॉनबद्दल, कारण तिथं घड्याळानं मला निराळ्या प्रकारे गंडवलं आणि त्यात दोष बराचसा माझा. 2 तास 20 मिनिटांचं ठरवलं होतं. 21.0975 किलोमीटर, म्हणजे 6:38चा पेस. शर्यतभर घड्याळावर सरासरी 6:36 दिसत होता, मी मनात पेढे वाटत होते. शेवटचं वळण घेतलं तेव्हा घड्याळात 21.1 कधीच होऊन गेले होते आणि अंतिम रेषा अजून पुढं. वेळ 2:20:58. घड्याळाचं अंतर 21.36.

रस्ता लांब नव्हता. शर्यतीचा मार्ग मोजतात तो शक्य तितक्या जवळच्या वाटेनं, वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटरवरून. वर अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. आपण धावतो ते लोकांना चुकवत, पाण्याच्या टेबलाकडं जात, वळणं बाहेरून घेत. त्यात जीपीएसच्या ठिपक्यांची नागमोडी, आणि उंच इमारतींवरून संकेत आदळून येतात तिथं तर घड्याळ तुम्हाला भिंतीतून धावायला लावतं. घड्याळाला अंतर जास्त दिसलं की पेस आपोआप चांगला दिसतो. मला 2:20 हवे होते तर घड्याळावर 6:33 दिसायला हवा होता. पुढच्या वेळी घड्याळ स्वतःच्या मोजणीनं आपोआप लॅप, म्हणजे टप्पा, धरतं ते बंद करणार आणि प्रत्येक किलोमीटरच्या पाटीला हातानं बटण दाबणार. हे आधी कळलं असतं तर 58 सेकंद वाचले असते का? पाय म्हणतात नाही. पण मी म्हणते हो.

त्याच घड्याळानं शर्यतीआधी 2:11चं भाकीत केलं होतं, हेही सांगून ठेवते. छोट्या धावांवरून मोठीचं गणित करताना लांब धावेची तयारी आहे असं ते गृहीत धरतं. माझी सगळ्यात लांब धाव 16 किलोमीटर होती.

बाकीचं भराभर. कॅलरींच्या आकड्यावर जेवण ठरवू नका. स्टॅनफर्डमध्ये 2017 साली मनगटावरची सात यंत्रं तपासली, त्यात सहांचे ठोके 5 टक्क्यांच्या आत बरोबर आले आणि कॅलरींत मात्र सगळ्यात बरं यंत्रही सरासरी 27 टक्के चुकलं. झोपेचे टप्पे मी बघत नाही. कधी झोपले, कधी उठले एवढं बरोबर सांगतं आणि ते मलाही माहीत असतं. एचआरव्ही (दोन ठोक्यांमधल्या वेळेतला कमीजास्तपणा) एका दिवसाचा बघून घाबरायचं नाही, आठवड्याची सरासरी खाली गेली तरच जोराची धाव पुढं ढकलायची. केडन्स 180 व्हायलाच हवा म्हणून मागं लागू नका. तो आकडा धावण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनियल्सनी 1984च्या ऑलिम्पिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली त्यातून आला. ते शर्यतीच्या वेगात होते, मी दूध आणायला जाण्याच्या वेगात असते.

लांब धावेचं एक मात्र जरूर बघा. धाव मधोमध कापा आणि एकाच पेसला दोन्ही अर्ध्यांचे सरासरी ठोके ताडा. सहा महिन्यांपूर्वी माझे दुसऱ्या अर्ध्यात 14नं चढायचे, आता 6नं चढतात. ॲप हे आपण होऊन दाखवत नाही, पण दोन मिनिटांत जमतं. पाच किलोमीटरच्या त्या फेरीला सरासरी आता 141.

तारे चार. पाचवा कडीनं खाल्ला. कंपनीचा गेल्या आठवड्यात ईमेल आला: तुमची तक्रार यशस्वीपणे सोडवण्यात आली आहे, कृपया सेवेला गुण द्या. दिले. ट्यूबची चकती अजून धड आहे, आणि उरलेला तुकडा चांगला वीतभर आहे.