'डेंटलचा नाद सोड' म्हणणारे सल्ले आणि तुमच्यापुढचे रस्ते: नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी तुलना

"एवढ्या मार्कांवर डेंटल? काऊन बापाचे पैसे बुडवतो? गुपचूप बी.एस्सी. घे."

नीटचा निकाल लागल्यावर पंधरा दिवसांत हे वाक्य या ना त्या तोंडून ऐकू येतं. त्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक आकडा ('एवढ्यावर मिळत नाही') आणि एक मत ('डेंटलमध्ये काही उरलं नाही'). आकडा अर्ध्या दिवसात तपासता येतो. मत जोखायचं तर बोलणारा कुठल्या खुर्चीवरून बोलतोय ते पाहावं लागतं. बहुतेक मुलं नेमकं उलट करतात. मतावर घरात तीन दिवस वाद चालतो आणि आकडा मात्र न तपासताच खरा धरला जातो.

कुणाच्या सल्ल्याला किती वजन द्यायचं

ज्युनिअर कॉलेजच्या सरांनी तुम्हाला दोन वर्षं पाहिलेलं असतं. अभ्यासाची सवय, फिजिक्सला कुठे अडकता, प्रॅक्टिकलला हात कसा चालतो, यावर ते बोलत असतील तर वही काढून लिहून घ्या. प्रवेशाच्या फेऱ्या मात्र त्यांचा रोजचा विषय नाही, तिथे त्यांची माहिती जुनी असू शकते.

क्लासच्या समुपदेशकाकडे तुमच्या सगळ्या टेस्टचे गुण असतात, आणि ही मोठी जमेची बाजू. पण त्याच टेबलावर रिपीटर बॅचचा फॉर्मही ठेवलेला असतो. शिवाय फलकावर एमबीबीएसची नावं झळकतात, बीडीएसची (दंतवैद्यकाच्या पदवीची) क्वचितच. म्हणून 'डेंटल नको, ड्रॉप घे' (म्हणजे वर्षभर थांबून परत नीट दे) हे इथून आलं तर त्यांच्याकडे तुमच्या शेवटच्या दहा टेस्टचा विषयवार तक्ता मागा. तो देऊन त्यावर बोलत असतील तर ऐका. नुसतं 'तुझ्यात क्षमता आहे' असं म्हणत असतील तर चहा पिऊन उठा.

गल्लीतले दंतवैद्य व्यवसायाबद्दल सगळ्यांत खरं बोलतात. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, जागेचं भाडं आणि पहिली दोन-तीन वर्षं पेशंटची वाट पाहणं, हे ते भोगून बसलेले असतात. पण त्यांचा स्वतःचा प्रवेश नीटच्या आधीच्या काळातला असेल तर त्यांच्या कट-ऑफच्या आठवणी बाजूला ठेवा.

आणि 'सीट करून देतो' म्हणणारा एजंट. राज्यातल्या जागा राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्यांमधून भरतात, अभिमत विद्यापीठांच्या आणि अखिल भारतीय कोट्याच्या केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या (एमसीसी) फेऱ्यांमधून. मधे 'करून देण्याची' जागाच नाही. याला शून्य वजन.

ज्यांना कुणीच विचारत नाही, ते इंटर्न. मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत सकाळी जा, किडलेला दात असेल तर दाखवा, आणि इंटर्नना मोकळा वेळ मिळाल्यावर विचारा: कॉलेजला किती पेशंट येतात, शेवटच्या वर्षी स्वतःच्या हाताने किती काम मिळतं, बॅचमधले किती जण एमडीएसच्या (पुढच्या पदव्युत्तर पदवीच्या) तयारीला लागले. चार वर्षं पूर्ण झालेली, अजून व्यवसायात न उतरलेली ही माणसं. त्यांना ना काही विकायचंय, ना जुन्या काळाच्या आठवणी सांगायच्यात.

आकडा तपासताना होणाऱ्या गल्लती

पहिली पर्सेंटाइलची. खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल लागतात, म्हणजे ७२० पैकी ३६०, असं सांगणारे अजून भेटतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे, आपल्या मागे किती टक्के मुलं आहेत तो आकडा. प्रत्यक्षात ही पात्रतेची रेषा २०२२ मध्ये ११७, २०२३ मध्ये १३७, २०२४ मध्ये १६२ आणि २०२५ मध्ये १४४ गुणांवर होती. अर्थात पात्र ठरणं म्हणजे फेरीत नाव घालता येणं, एवढंच. शासकीय जागा त्या रेषेच्या कितीतरी वर संपतात.

दुसरी गल्लत गुणांची गुणांशी तुलना. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० घेणारे एकाहून अधिक होते, २०२५ मध्ये देशात पहिला आलेला ६८६ वर थांबला. अशा दोन वर्षांचे गुण शेजारी ठेवले तर निष्कर्ष चुकणारच. गुण विसरा, अखिल भारतीय क्रमांक धरा.

तिसरी खास आपल्या भागातली. २०२० पर्यंत राज्यात ७०:३० सूत्र होतं आणि विदर्भातल्या जागांपैकी ७० टक्के विदर्भाच्याच मुलांना मिळत. ते त्या वर्षी रद्द झालं. आता मेडिकल चौकातल्या जागेसाठी लातूर-पुण्याची मुलंही रांगेत असतात, आणि तुम्हालाही मुंबई, छत्रपती संभाजीनगरची दारं तेवढीच उघडी आहेत. २०२० च्या आधीचा कट-ऑफ कुणी तोंडपाठ सांगितला तर तो इतिहास म्हणून ऐका.

खरी पडताळणी अशी. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून मागच्या दोन वर्षांच्या बीडीएसच्या निवड याद्या उतरवा, पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या दोन्ही. यादीत प्रत्येक ओळीत उमेदवाराचा क्रमांक, त्याचा प्रवर्ग, जागेचा कोटा आणि कॉलेज असतं. इथे जपून. ओबीसीची मुलगी खुल्या जागेवर बसलेली असू शकते. शेवटचा क्रमांक शोधताना उमेदवाराचा नाही, जागेचा प्रवर्ग पाहायचा. ही एक चूक केली की ओबीसीचा कट-ऑफ चुकीचा दिसू शकतो, आणि भलाभला माणूस 'होणार नाही' म्हणून मोकळा होतो.

वहीत कॉलेजवार दोन रकाने करा, पहिल्या फेरीचा शेवटचा क्रमांक आणि शेवटच्या फेरीचा. दोन्हींत बरंच अंतर दिसेल, कारण फेरीगणिक मुलं बीडीएस सोडून एमबीबीएसला सरकतात आणि मागच्यांना वाट मिळते. 'पहिल्या फेरीत नाव नाही म्हणजे संपलं' हा सल्ला त्यामुळे डेंटलला सगळ्यांत कमी लागू पडतो.

हे झालं की सल्लागाराकडे परत जा आणि इतकंच विचारा: "सर, हा आकडा कोणत्या वर्षाचा, कोणत्या फेरीचा, आणि माझा प्रवर्ग धरून आहे का?" आवाज चढवायची गरज पडत नाही.

यंदाच खासगी बीडीएस, की ड्रॉप, की दुसरा कोर्स

आधी नागपूरच्या परिघातल्या जागा. शासकीय कॉलेज शुल्काला सर्वांत हलकं आणि पेशंटच्या संख्येत सर्वांत जड. हिंगणा रोडवर डिगडोहचं व्हीएसपीएम आणि वानाडोंगरीचं कळमेघ ही दोन्ही खासगी. शुल्क नियामक प्राधिकरण त्यांची फी ठरवतं आणि प्रवेश राज्याच्या कॅपमधून (सीईटी कक्षाच्या फेऱ्यांमधून) होतो. घरी राहून लोकमान्य नगरपर्यंत मेट्रोने जाता येतं, म्हणजे वसतिगृह आणि मेसचा खर्च वाचतो. पाच वर्षांच्या हिशेबात ही रक्कम छोटी नाही. वर्ध्याजवळ सावंगीचं शरद पवार दंत महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचं आहे. फी विद्यापीठ ठरवतं, राज्याची शुल्क प्रतिपूर्ती तिथे मिळत नाही, प्रवर्गाचं आरक्षण लागू होत नाही. एमसीसीकडे अभिमतसाठी नोंदणी करताना ५,००० रुपये शुल्क आणि २ लाख अनामत भरावी लागते. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत शाबूत राहते, दुसऱ्या फेरीपासून जागा मिळून रुजू न झाल्यास ती बुडते. 'नाव तर टाकून ठेव' म्हणणाऱ्याला हे माहीत आहे का, ते विचारून घ्या.

मुलींसाठी एक हिशेब वेगळा. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्था कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. 'खासगी परवडणार नाही' हा सल्ला अनेकदा ही योजना न धरताच दिलेला असतो.

आता ड्रॉपचं गणित. भावनेवर नको, ओएमआरवर (तुमच्या उत्तरपत्रिकेवर) करा. नीट घेणारं एनटीए ओएमआरची प्रतिमा आणि उत्तरतालिका ठराविक दिवसच ठेवतं, उतरवून घ्या. १८० प्रश्नांचे तीन ढीग करा: बरोबर, चूक, कोरे. चुकीचं उत्तर बरोबर झालं की ५ गुण वाढतात (गेलेला १ परत येतो आणि वर ४), म्हणजे २० चुका दुरुस्त झाल्या की १०० गुण. कोरा प्रश्न सुटला तर ४ च. चुकांचा ढीग मोठा आणि त्यात बायोलॉजी जास्त असेल, तर ड्रॉप फळतो. बायोलॉजीचे ९० प्रश्न, ३६० गुण, आणि एनसीईआरटी ओळीनओळ वाचली की तीन-चार महिन्यांत फरक दिसतो. उलट बायोलॉजी ३२० आणि फिजिक्स ४० अशी स्थिती असेल, तर उरलेली वाढ सगळी फिजिक्समधून यायची आहे, आणि ती सावकाश येते. अशा मुलाला 'ड्रॉप नको' म्हणणारे सर कठोर वाटले तरी बरोबर आहेत. दुसरा ड्रॉप घ्यायचा विचार असेल तर पहिल्या वर्षातल्या टेस्टचा आलेख पाहा. डिसेंबरनंतर तो सपाट झाला असेल, तर पुढच्या वर्षीही त्याच जागी अडकण्याची शक्यता जास्त.

मधला एक लाडका तोडगा आहे, बीडीएसला नाव घालून एमबीबीएससाठी परत नीट द्यायची. कागदावर छान. पहिल्या वर्षी अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी-बायोकेमिस्ट्री, दातांची रचना, थिअरीला किमान ७५ टक्के हजेरी, आणि दुपारभर मेणाचे दात कोरणं. नीटला उरतात रात्री. मुदत संपल्यावर जागा सोडली तर दंडाची अट असते, ती त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचल्याशिवाय हा मार्ग धरू नका. आमच्या मते, ज्याला मनातून दंतवैद्य व्हायचंच नाही त्यानेच हा धोका घ्यावा, आणि मग त्याने डेंटल घ्यावंच का, हा पुढचा प्रश्न.

दुसरा कोर्स म्हणजे हार, असं धरू नका. बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) साडेपाच वर्षांचं, शासकीय कॉलेज सक्करदऱ्यात, शुल्क खासगी बीडीएसच्या तुलनेत किरकोळ. फिजिओथेरपीही राज्यात नीटवरूनच. रुग्ण हवेत पण दातच हवेत असं नाही, अशा मुलासाठी हे रस्ते खासगी बीडीएसच्या कर्जापेक्षा शहाणपणाचे ठरतात.

दातच हवेत का, हे तपासायचं साधन

साबणाची वडी, पेन्सिल, पट्टी आणि बोथट चाकू घ्या. वरच्या जबड्यातला मधला पटाशीचा दात: शीर (हिरडीबाहेर दिसणारा भाग) साडेदहा मिलिमीटर लांब, साडेआठ रुंद, मूळ तेरा. दुप्पट मापाने कोरायचा, म्हणजे शीर २१, रुंदी १७, मूळ २६. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी आकृती आखून घ्या, मग बाहेरून आत तासत या. पहिला तुटेल, बहुधा शीर आणि मूळ जिथे जुळतात तिथेच, कारण तिथे सगळे एकदम खोल जातात. दुसरा बेढब होईल. तिसऱ्यालाही बसावंसं वाटलं, दोन तास कुठे गेले कळलं नाही, तर ही खूण 'डेंटलमध्ये काही उरलं नाही' या वाक्यापेक्षा जास्त विश्वासाची. तिसऱ्याआधीच कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं, कारण बीडीएसची चार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक, अशी पाच वर्षं हेच काम आहे, फक्त तोंडाच्या आत आणि ओलं.

सल्ल्याने झोपच उडाली असेल, खाणंपिणं सुटलं असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. निर्णय दोन दिवस उशिरा झाला तरी काही बिघडत नाही, फक्त फेरीची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

आणि तोवर कागद हलवत राहा. बारावीला पीसीबीत खुल्यांना ५० आणि मागास प्रवर्गांना ४० टक्के आहेत ना, ते पाहा. जात पडताळणीचा अर्ज समितीकडे अजून गेला नसेल तर आजच द्या. नॉन-क्रीमिलेअरची तारीख तपासा, ३१ मार्चला संपलेलं प्रमाणपत्र घेऊन रांगेत उभं राहणारे दरवर्षी भेटतात. अधिवास नसेल तर सेतू केंद्रात अर्ज टाका. वैधता प्रमाणपत्राअभावी राखीव जागा गेली, तर वरची सगळी तुलना खुल्या प्रवर्गाचे क्रमांक धरून पुन्हा करावी लागते.