व्हेडर की डूकू?

नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खाताना ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतला सगळ्यात भारी खलनायक कोण, हा विषय निघाला की बहुतेक मतं डार्थ व्हेडरला पडतात. साहजिकच आहे. बायको बाळंतपणात दगावेल या भीतीनं अनाकिन, म्हणजे पुढचा व्हेडर, घसरतो, जेडाय या योद्ध्यांच्या पंथातली लहान पोरं मारतो आणि १९८३ च्या भागात मुलाला वाचवायला सम्राटालाच उचलून खाली फेकतो.

माझं मत काउंट डूकूला. हा भीतीपोटी नाही, विचार करून फिरला. क्वाय-गॉन या जेडायचा गुरू, खानदानी माणूस. सिनेट सडलीय म्हणून जेडाय पंथ सोडला. २००२ च्या भागात तो कैदेतल्या ओबी-वॉन या जेडायला सरळ सांगतो की सिनेटवर सिथचा, म्हणजे जेडायांच्या शत्रुपंथाचा, ताबा आहे. शंभर टक्के खरं, आणि समोरचा विश्वास ठेवत नाही! रावणाची विद्वत्ता ऐकत वाढलेल्या पंचवटीकरांना तरी हा पटायला हवा. २००५ मध्ये हात तुटलेला डूकू गुडघ्यांवर आहे, त्याचाच मालक, तोच पुढचा सम्राट, अनाकिनला ‘मार त्याला’ म्हणतो, तेव्हा ख्रिस्तोफर ली नुसत्या नजरेनं सगळं बोलून जातात.

‘पण डूकू सुधारला कुठे?’ असं मित्र म्हणतात. नाही सुधारला. त्याला तेवढी संधीच मिळाली नाही. अनाकिननं तिथेच मुंडकं उडवलं. मुखवटा आणि श्वासाच्या आवाजात मात्र व्हेडरच भारी, तिथे वाद नाही.