बर्गलरी की रॉबरी?

मावशी पुण्याला गेली आणि इंदूरच्या बंद घराचं कुलूप तुटलं. भाचा सांगत सुटला, "रॉबरी झाली!" नाही रे बाबा. रॉबरीला समोर माणूस लागतो, धाक किंवा मारहाण लागते. आपली जबरी चोरी. ही बर्गलरी, म्हणजे घरफोडी. इथल्या हिंदी पेपरात 'नकबजनी'. जुन्या इंग्लिश कायद्यात ती रात्री आणि राहत्या घरातच व्हायची. भरदुपारी फोडलं तर बर्गलरी नाही! उलट, हाती काहीच लागलं नाही तरी चाले, वाईट हेतूने आत शिरणं पुरे. साधी चोरी म्हणजे 'लार्सेनी'. १९६८च्या कायद्याने इंग्लंडात हा शब्द निवृत्त केला, अमेरिकेत अजून नोकरीवर आहे.