परसबागेसाठी आधी काय घ्यावं: खुरपं, पंजा, काटा की कोळपं?

पावसाळ्याच्या तोंडावर नर्सरीत गेलं की अवजारांचा रंगीत संच हमखास पुढे केला जातो. रुंद ट्रॉवेल, अरुंद ट्रॉवेल, तीन दातांचा पंजा, छोटा काटा, सगळ्यांना प्लॅस्टिकच्या मुठी. गॅलरीत कुंड्या असतील तर खुशाल घ्या. पण घराच्या कडेला दोन वाफ्यांपुरती का होईना, जमीन असेल, तर तो संच राहू द्या. आधी आपली माती कशी आहे आणि तिथे तण कुठलं येतं ते बघा. अवजार त्यावरून ठरतं.

ट्रॉवेल हे माती उचलायचं साधन आहे. रोपासाठी खड्डा करा, कुंडीत खत भरा, तिथे ते उत्तम. तणाच्या मुळाशी घालून जोर लावला की मात्र ते मानेपाशी वाकतं. काळी माती सुकली की दगड होते आणि कोकणात जांभ्याचे खडे आडवे येतात, दोन्हीकडे पत्र्याच्या ट्रॉवेलचं काही खरं नाही. खुरप्याला धार असते आणि पात्याला वाक असतो, फरक तिथेच पडतो. उकिडवं बसायचं, डाव्या हातात तणाचा झुबका धरायचा, पातं जवळजवळ आडवं ठेवून बोटभर खोल घालायचं आणि आपल्याकडे ओढायचं. मूळ कापलं जातं किंवा उचकटून वर येतं, माती झटकून तण बाजूला. शिवाय वरचा थर भुसभुशीत होतो तो वेगळाच. मिरची-वांग्याच्या बुंध्याजवळ, मेथी-कोथिंबिरीच्या दाट वाफ्यात, जिथे दुसरं काही शिरत नाही, तिथे खुरप्याला तोड नाही. घोळ, केना, माठ ही कोवळी तणं त्याच्यापुढे टिकत नाहीत.

विकत घेताना आठवडी बाजारात लोहाराकडचं घ्या. ठोकून केलेलं पातं पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ होत गेलेलं दिसतं, पत्रा कापून केलेलं सगळीकडे सारखंच. मूठ धरून पातं हलवून बघा, शेपूट मुठीत नीट बसलेलं नसेल तर पहिल्याच पावसात ते फिरायला लागतं. पुष्कळदा वाक उजव्या हाताच्या हिशेबाने दिलेला असतो, डावखुऱ्यांनी सांगून करून घ्यावं.

खुरप्याची खरी अडचण गुडघ्यांची. तासभर उकिडवं बसणं ज्यांना जमत नाही, त्यांनी उगाच हट्ट करू नये. त्यांच्यासाठी लांब दांड्याचं हातकोळपं आहे. त्याची पास, म्हणजे खालचं आडवं पातं, जमिनीच्या लगेच खालून सरकते आणि कोवळं तण कापत जाते. काम उभ्याने होतं आणि भराभर होतं. कोळपणीने भेगा बुजतात, ओल टिकते. शेतकरी एका कोळपणीला अर्धं पाणी म्हणतात ते उगाच नाही.

पण कोळप्याच्या अटी आहेत. लागवड ओळीत हवी आणि दोन ओळींत निदान वीतभर मोकळी जागा हवी. बी फेकून पेरलेल्या पालेभाजीत ते चालत नाही. तण बोट-दोन बोटं उंच असतानाच चालवायचं, वाढलेलं तण पाशीत गुंततं. कोळपल्यावर काही तास ऊन मिळालं तर बरं. झिमझिम चालू असेल तर कापून पडलेला केना पेरापेरांतून पुन्हा मुळं धरतो आणि केलेली मेहनत वाया जाते. चाकाचं सायकल कोळपं छोट्या बागेत फिरवायलाच जागा नसते. गुंठाभर म्हणजे 1089 चौरस फूट किंवा त्याहून जास्त ओळीची लागवड असेल तरच त्याचा विचार करा.

पंज्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मऊ मातीत शेणखत मिसळायला, पाण्याने धरलेली पापडी फोडायला ठीक. तण काढायचं म्हणून एकच अवजार घेणार असाल तर हे नक्कीच नाही.

आता लव्हाळा आणि हरळी. इथे खुरपं आणि कोळपं दोन्ही हरतात. लव्हाळ्याचा शेंडा कापला की खालच्या गाठीतून काही दिवसांत नवा कोंब वर येतो. हाताने उपटला तर बारीक दोऱ्यासारखं मूळ तुटतं आणि गाठ मातीतच राहते. हरळीच्या प्रत्येक पेराला फूट येते, त्यामुळे कुदळीने खणलं की एका वेलाचे दहा तुकडे होऊन दहा ठिकाणी रुजतात. म्हणून या दोन तणांसाठी कुदळीपेक्षा लांब दांड्याचा चार दातांचा काटा घ्या. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण हाताला चिकटत नसताना, तो पायाने दाबून वीतभर खोल घाला, ढेकूळ उचला, हाताने फोडा, गाठी आणि मुळ्या वेचून उन्हात टाका. कंपोस्टच्या खड्ड्यात नको. एका फेरीत जमीन साफ होत नाही, फुटवे दिसले की पुन्हा तेच. चिकट ओल्या काळ्या मातीत काट्याला मातीचे गोळे चिकटतात आणि तुडवल्याने जमीन दबते, तेव्हा वाफशापर्यंत थांबणंच बरं.

गाजरगवताला अवजार लागत नाही. फुलावर यायच्या आधी, पाऊस पडून गेल्यावर, हातमोजे घालून मुळासकट उपटा. उघड्या हाताने नको, अनेकांच्या अंगाला खाज सुटते.

नवी जमीन फोडायला टिकाव किंवा कुदळ लागतेच, पण ती शेजाऱ्याकडून मागून आणा, वर्षातून एखाद्या वेळचं काम आहे. फावडं माती ओढायला, खणायला नव्हे.

मला एकच घ्यायचं असतं तर खुरपं घेतलं असतं, गुडघे दुखत असते तर कोळपं. लव्हाळा असेल तर काटा जोडीला हवाच, त्यात काटकसर नको. पैसे उरले तर एक कानस घ्या, कारण बोथट खुरप्याने तण कापलं न जाता नुसतं चेंगरतं, आणि दोष मात्र अवजाराला दिला जातो.