पत्ता खोडायचा रोलर शिक्का: तीन महिने वापरून बघितला

आधी भेळेचं सांगते, म्हणजे हे खूळ डोक्यात कुठून आलं ते कळेल. डोंबिवली पूर्वेला स्टेशनवरून घरी येताना मी एका गाडीवर भेळ खाते, गेली कित्येक वर्षं, आणि तो भेळवाला रद्दीतल्या कागदावर भेळ देतो. तर त्या दिवशी भेळ संपत आली तशी कागदावरून एक बाई माझ्याकडे बघायला लागली. आधारची झेरॉक्स! फोटो, नाव, जन्मतारीख, बारा आकडे, सगळं स्वच्छ, फक्त पत्त्यावर चिंचेची चटणी सांडलेली. तिच्या घराचा पत्ता काय तो चटणीने वाचवला. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला, घरी येऊन बारीक फाडला आणि रात्री पडल्या पडल्या मोजत बसले की मी स्वतः ही झेरॉक्स आजवर कुठे कुठे दिलीय, सिमकार्डला, लॉजवर, गॅसवाल्याकडे, मुलाच्या क्लासला, पासपोर्टच्या एजंटला, आधीच्या दोन्ही भाड्याच्या घरांच्या सोसायट्यांना... वीसच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी हा रोलर मागवला. २९९ रुपये, सोबत एक रिफिल. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण तेच प्लास्टिक पाच-सहा नावांनी विकतात, रंग तेवढे वेगळे. मूळ आयडिया जपानची, तिथल्या प्लस नावाच्या स्टेशनरी कंपनीने २००७ मध्ये 'केशिपोन' नावाने असा शिक्का काढला होता, हा त्याच जातीचा. आत शाईचं छोटं चाक असतं आणि त्यावर इंग्रजी अक्षरं इतकी दाटीवाटीने कोरलेली असतात की कागदावर फिरवलं की खालचा मजकूर त्या गर्दीत हरवतो. म्हणजे पुसत काहीच नाही, नुसतं गर्दीत उभं करतो, संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर आपलं माणूस शोधायला जा तसं. साधं काळं मार्कर मारलं तर कागद उजेडात धरला की खालचं दिसतंच, त्यामानाने ही युक्ती हुशार आहे.

आता कामाला कसा आहे. साध्या कागदावर एकदम मस्त. बँकेची पाकिटं, विजेचं बिल, शाळेची पत्रं, एकदा आडवा एकदा उभा फिरवला की विषय संपला. कुरियरच्या चकचकीत प्लास्टिक पिशवीवर मात्र शाई बसत नाही, नुसती पसरते, आणि घाईत उचललं तर बोटं काळी, मग ती बोटं फ्रीजच्या दाराला, मग सासूबाईंचं "हे काय गं?" तेव्हा पिशवीवर वापरायचा तर दोन मिनिटं वाळू द्या. बॉक्सवरचं ते पांढरं लेबल असतं ना, त्याच्यावर शाई दिसायला छान बसते पण लेबल तिरपं धरलं की खालची छपाई वेगळी चमकते आणि मोबाईल नंबर सरळ वाचता येतो. मी वाचला, चष्मा न लावता. त्याला उपाय वेगळाच सापडला. ती बरीचशी लेबलं शाईने छापलेली नसतातच, उष्णतेने काळी होणारा कागद असतो तो, तर लेबल सोलून वर साधा कागद ठेवून गरम इस्त्री टेकवली की अख्खं काळं होतं, नाव गाव नंबर सगळं गडप. आमचे हे म्हणाले, मग रोलर कशाला घेतलास, इस्त्री होतीच की घरी. यावर मी काही बोलले नाही.

झेरॉक्सवरही तोच प्रॉब्लेम, टोनर म्हणजे झेरॉक्सची काळी पूड चमकते. पण आधारच्या बाबतीत रोलरच्या भानगडीत पडूच नका. आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड होतं, पहिले आठ आकडे फुल्या आणि शेवटचे चार दिसतात, जिथे चालेल तिथे तेच द्या. सगळीकडे चालत नाही हेही सांगते. लॉजवाल्यासमोर मास्क्ड कागद ठेवला तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी पळून आलेय. आणि गंमत बघा, २०२२ च्या मे महिन्यात आधारच्याच बेंगळुरूच्या ऑफिसने पत्रक काढलं होतं की लोकहो, झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, मास्क्ड द्या. दोनच दिवसांत ते पत्रक मागे! लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. नेहमीची काळजी घ्या म्हणाले. नेहमीची काळजी म्हणजे काय तर ती माझ्या भेळेखाली होती.

आता खरं कारण. इथे सगळे अनोळखीच आहात म्हणून लिहिते. मला हा रोलर फक्त चोरांसाठी नको होता. आमच्या गेटवर ॲप आहे, कोण आलं, किती वाजता आलं, कुणाकडे आलं सगळी नोंद होते, पार्सल गेटवर ठेवलं की घरातल्या चौघांच्या फोनवर टिंग वाजतं. वॉचमनकाका बॉक्स देताना लेबल मोठ्याने वाचतात, प्रेमाने वाचतात, पण वाचतात. समोरच्या काकूंना मी काय मागवते ते माझ्या आधी ठाऊक. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून ही म्हण कुणीतरी बिल्डिंगमध्येच राहून केली असणार. आणि मी मागवते तरी काय? लोकर. क्रोशाची महागडी लोकर. आणि केस गळतीचं औषध. यात गुन्हा काही नाही, पण दर वेळी "अगंबाई, परत?" ऐकायचं नसतं माणसाला, बस.

हे म्हणतात कर नाही त्याला डर कशाला. हे म्हणताना यांचा स्वतःचा फोन टेबलावर पालथा ठेवलेला असतो.

माझी आई हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात पैसे ठेवायची. तुमचीही ठेवत असेल, डाळीत नाहीतर तांदळात नाहीतर जुन्या साडीच्या घडीत. भाजीतून वाचवलेले, भाऊबीजेचे, माहेरून आलेले. बाबांना माहीत नव्हतं, म्हणजे बाबांना माहीत नाही असं आईला वाटायचं. मग आली ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आणि ५०० आणि १००० च्या नोटा बाद. दुसऱ्या दिवशी आईला डबा उघडावा लागला, बाबांसमोर. तेवीस हजार निघाले. सरकारने नंतर सांगितलं होतं की गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशी करणार नाही, पण आईला इन्कम टॅक्सची भीती कधी नव्हतीच हो, तिची चौकशी स्वयंपाकघरात झाली. बाबा काही वाईट बोलले नाहीत, नुसतं हसले, "एवढे?" म्हणाले. पण आई त्यानंतर बरेच दिवस गप्प होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तिची तेवीस हजारांची होती आणि ती दिल्लीहून उघडली गेली. त्या पैशात लपवण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त ते तिचे होते.

तर या असल्या उघडण्यावर २९९ चा रोलर काय करणार, काही नाही. हे विकत घेण्याआधी समजून घ्या कारण जाहिरातीत लिहितात 'संपूर्ण प्रायव्हसी'. सरकारला तुमचा कागद वाचायची गरजच नसते, लेबल छापायच्या आधीच माहिती तिकडे गेलेली असते. आणि कागद वाचायचाच असेल तर पाकीट पोस्टातच उघडता येतं, हे काही आजचं नाही. इंग्रजांचा १८९८ चा पोस्टाचा कायदा होता, त्यातच टपाल अडवायची सोय होती. नेताजी सुभाषबाबूंच्या कुटुंबाची पत्रं इंटेलिजन्स ब्युरो वाचत होता, १९४८ पासून १९६८ पर्यंत, वीस वर्षं, स्वतंत्र भारतात, आणि हे फायलींमधून बाहेर आलं २०१५ मध्ये. १९८६ मध्ये संसदेने पत्रं उघडायचा अधिकार आणखी वाढवणारं विधेयक पास केलं तर राष्ट्रपती झैलसिंगांनी त्यावर सहीच केली नाही, नुसतं ठेवून दिलं. नवा पोस्टाचा कायदा २०२३ मध्ये झाला, जून २०२४ पासून लागू आहे, त्याच्या नवव्या कलमात टपाल अडवायचा आणि उघडायचा अधिकार आहेच. मी पाकिटावरचा पत्ता खोडते कचऱ्यात टाकताना. पोस्टातून येताना तो सगळ्यांसाठी उघडाच असतो.

याच विषयात वाचता वाचता खडक सिंगची केस सापडली आणि मी लोकर बाजूला ठेवून वाचत बसले. उत्तर प्रदेशातला माणूस, दरोड्याच्या केसमधून पुराव्याअभावी सुटलेला, तरी पोलिसांनी त्याचं नाव नजरेखालच्या लोकांच्या यादीत टाकलं आणि रात्री-अपरात्री दार ठोठावायला लागले, बघायला की घरात आहे का. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९६२ मध्ये कोर्टाने रात्रीच्या फेऱ्या बंद करा म्हटलं, पण बाहेरून नजर ठेवण्याला हरकत घेतली नाही, प्रायव्हसी हा काही मूलभूत हक्क नाही म्हणाले. ते बदलायला ५५ वर्षं लागली. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की आहे, मूलभूत हक्क आहे, आणि हे घडवणारे पुट्टास्वामी हे कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, ते २०१२ मध्ये कोर्टात गेले होते आधारच्याच विरोधात. (पहिलं आधार आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत दिलं होतं, २०१०, म्हणजे सुरुवातही आपल्याकडचीच.) आणि तो निकाल नुसता भिंतीवर लावायला नाही हां, २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका व्यावसायिकाचा फोन टॅप करायचे तीन आदेश त्याच्याच आधारावर रद्द केले, आणि रेकॉर्डिंग नष्ट करा सांगितलं. फोन टॅपिंगचा आदेश गृहसचिव काढतात, आणि तो बरोबर होता का ते बघणारी समितीही सरकारी अधिकाऱ्यांचीच, न्यायाधीश त्यात कुठेच नाही. म्हणजे सोसायटीचा हिशेब सेक्रेटरीने लिहायचा आणि सेक्रेटरीच्या मित्रांनी तपासायचा. आमच्या सोसायटीत हे चालतं, तिथे निकाल काय लागतो ते मला माहितीय.

बरं, रोलरकडे येते. घ्यावा का? माझ्या मते घ्यावा, पण कशासाठी ते ठरवून. भंगारवाला, रद्दीवाला, जिन्यात पडलेले बॉक्स उचलून नंबर जमवणारे, लेबल मोठ्याने वाचणारे, एवढ्या दहा-पंधरा फुटांतल्या डोळ्यांसाठी हा उत्तम आहे आणि खरं सांगू का, माझ्या रोजच्या आयुष्यात त्रास याच डोळ्यांचा जास्त होतो. पण तेच डोळे आपल्यावर नजर असण्याची सवय लावतात. गेटवर कॅमेरा, जिन्यात कॅमेरा, लिफ्टमध्ये कॅमेरा, आणि मीटिंगमध्ये एकाने विचारलं फुटेज कोण बघतं तर बाकीचे त्याच्याकडेच संशयाने बघायला लागले. तो मुद्दा मिनिट्समध्येही आला नाही.

तक्रारी: शाई तीन महिन्यांतच फिकी पडली, रोज दोन-तीन कागद एवढाच वापर असताना. झाकण सैल आहे, ड्रॉवरमध्ये उघडलं तर वह्यांची वाट लागते. बारकोड आणि क्यूआर विसरू नका, लोक नाव खोडतात आणि बारकोड तसाच ठेवतात. आणि मूळ कागदपत्रांवर चुकूनही नको, एकदा फिरवला की परत येत नाही, माझ्या भावाने उत्साहात गाडीच्या विम्याचा कागद रंगवलाय.

रिफिल मागवली तर पुढची गंमत. बॉक्सवर माझं नाव, पत्ता, नंबर, आणि खाली ठळक इंग्रजीत वस्तूचं नाव, आयडेंटिटी प्रोटेक्शन रोलर रिफिल. वॉचमनकाकांनी अर्थातच वाचलं. घरी सासूबाईंनी विचारलं, कसली गं आयडेंटिटी? मग त्यांना दाखवलं, एका जुन्या पाकिटावर फिरवून. त्या काही बोलल्या नाहीत. आठवड्याभराने ड्रॉवरमध्ये रोलर नव्हता, तो त्यांच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात सापडला आणि शेजारी पोस्टाचं एक पाकीट, पत्त्याच्या जागी आडवी उभी शाई, अगदी व्यवस्थित, दोन हात मारलेली. कुणाचं पत्र, मी विचारलं नाही. रोलर तिथेच ठेवला आणि स्वतःसाठी दुसरा मागवला, या वेळी निळा.

साडेतीन स्टार. रिफिल दोनाच्या पॅकमध्ये घ्या, सुटी महाग पडते.