सिट्रोनेला, निर्गुडी, कडुनिंब लावलेले कपडे: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून

आमचं घर दापोलीजवळ, मागे नारळ-पोफळीची वाडी. पावसाळ्यात करवंट्यांत आणि गळलेल्या झापांच्या खोलगट बुंध्यांत पाणी साचतं, आणि कितीही उपडं केलं तरी कुठेतरी राहतंच. दिवसा पांढऱ्या पट्ट्यांचे एडिस जातीचे डास चावतात, रात्री क्युलेक्स जातीचे. सासूबाईंना दमा आहे, मुलगी लहान आहे, त्यामुळे कॉइलचा धूर घरात चालत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला वनस्पतींचे अर्क लावलेलं कापड तीन तऱ्हांनी घरात आलं. सिट्रोनेलाची चादर आणि मुलीचे रात्रीचे कपडे ऑनलाइन मागवले, निर्गुडी-कडुनिंबाच्या काढ्यात रंगवलेलं सुती कापड एका बचत गटाकडून घेतलं, आणि थोडं कापड मी घरीच केलं. आता उन्हाळा लागलाय आणि तिन्ही अजून वापरात आहेत.

ज्यांना ज्यांना हे दाखवलं त्यांनी पहिल्यांदा विचारलं, यात कोणती वनस्पती आहे? इतके महिने वापरल्यावर मला वाटतं, ती वनस्पती धाग्याला धरून कशी ठेवली आहे हे आधी विचारावं. कापडाचं आयुष्य त्यावरच ठरतं.

सिट्रोनेलाचंच बघा. हे गवती चहाच्या जातभाईचं तेल. त्यातले सिट्रोनेलाल, सिट्रोनेलॉल आणि जेरॅनिऑल हे घटक डासाला नकोसे होतात, पण हवेत उडूनही चटकन जातात. नुसतं तेल अंगाला लावलं तर तासाभरात जोर संपतो. म्हणून कारखान्यात तेलाच्या बारीक थेंबाभोवती जिलेटिन आणि डिंकाचं कवच करतात आणि या सूक्ष्म कुप्या बाइंडरने, म्हणजे चिकट द्रव्याने, कापडावर बसवतात. अंग घासलं, कूस बदलली की त्यातल्या थोड्या फुटतात आणि वास सुटतो. आमच्या चादरीला हे स्पष्ट जाणवायचं. घडी घालून ठेवलेली असताना वास अगदी मंद, आणि मुलगी लोळायला लागली की खोलीभर.

पहिले काही आठवडे फरक खरोखर पडला. मुलीच्या पाठीवर, मांड्यांवर सकाळी दिसणारे लाल फोड जवळजवळ थांबले. पाऊल, घोटे आणि चेहरा मात्र तसेच चावले जात राहिले. कपड्याचा प्रभाव कपड्याभोवती वीतभर जागेतच असतो, उघड्या कातडीला तो पुरत नाही. आखूड बाह्यांचा डास-प्रतिबंधक टीशर्ट विकत घेणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा. दुसरं म्हणजे कापड सैल हवं. अंगाला घट्ट बसलेल्या पातळ सुती कापडातून डास आरामात सोंड घालतो, मग अर्क कुठलाही असो.

उतरण लागली ती धुण्यामुळे. लेबलवर पंचवीस धुण्यांचा भरवसा दिला होता. आमच्याकडे श्रावणात वास अर्ध्यावर आला आणि दिवाळीपर्यंत चादर चोळून नाकाशी नेली तरच कळत होता. तोवर डास तिच्यावर निवांत बसलेले मी पाहिले. कोकणात पावसाळ्यात कपडा वाळत नाही, कुबट वास आला की परत धुवावा लागतो, त्यामुळे धुण्यांची संख्या लेबल लिहिणाऱ्याने धरली त्यापेक्षा लवकर भरते. मुलीचे कपडे मी थंड पाण्यात, पातळ साबणाने, हाताने धुतले, पिळले नाहीत, सावलीत वाळवले आणि इस्त्री केली नाही. ते चादरीपेक्षा बरेच जास्त टिकले. चादर मशीनमध्ये जात होती. उष्णता आणि घासणं हे या कुप्यांचे शत्रू आहेत.

याहून चांगली पद्धत मला सायक्लोडेक्स्ट्रिनची वाटते. स्टार्चपासून मिळणारा हा साखरेच्या सात घटकांचा गोल असतो. त्याच्या पोकळीत तेलाचा रेणू बसतो आणि सायट्रिक आम्लाच्या मदतीने हा गोल सुताशी रासायनिक बंधाने जोडता येतो. तेल संपलं तरी गोल कापडावरच राहतो, म्हणजे पुन्हा तेल भरता येतं. असं कापड आपल्याकडे सहज मिळायला लागलं तर मी जास्त पैसे मोजून घेईन.

आता काढ्याच्या कापडाबद्दल. बचत गटाच्या बायकांचं काम अतिशय नेटकं आहे. आधी सोड्यात उकळून खळ काढतात, मग हिरड्याचं पाणी, मग तुरटी, मग पाल्याचा काढा. सुताला रंग धरवत नाही, हिरड्यातलं टॅनिन आणि तुरटी मिळून तो धरून ठेवतात. रंग मातकट हिरवा, डोळ्यांना शांत, आणि इतक्या धुण्यांनंतरही फारसा उतरलेला नाही. घरी मी हीच कृती केली, वाडीच्या कडेची निर्गुडी आणि गवती चहा घालून. पातेलं उकळत असताना घरभर सुंदर वास सुटला. पण घरभर वास याचा अर्थ सुगंधी तेल वाफेबरोबर निघून चाललंय. ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत आणि उकळताना उडून जातात. काढ्यात उरतात ते रंगद्रव्य, टॅनिन आणि कडू घटक. त्यामुळे काढ्याच्या कापडाने डास हटतील ही अपेक्षा ठेवू नये. आमच्याकडे माझ्या घरच्या कापडानेही आणि विकतच्यानेही फरक दिसला नाही.

तरीही हे कापड मला तिन्हींत सर्वांत मोलाचं वाटतं, ते ट्रंकेत. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन मुख्यतः खाणाऱ्या किड्यावर काम करतं: त्याची खाण्याची इच्छा मारतं आणि कात टाकण्यात अडथळा आणतं. डास कापड खात नाही. लोकर आणि रेशीम खाणारी कसर खाते. निर्गुडीचा पाला धान्यात घालायची आपली जुनी रीत आहेच. रेशमी साड्या, सासऱ्यांची शाल आणि मुलीची लोकरीची टोपडी मी या कापडात बांधून, सोबत वेखंडाचे तुकडे घालून ठेवली. पावसाळ्यानंतर उघडली तेव्हा एकाही वस्त्राला भोक नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "डांबर गोळ्या न घालता शाल राहिली म्हणजे बरंच झालं की गं." लहान मुलाच्या घरात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. डांबर गोळ्यांतलं नॅफ्थलीन जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं आणि कावीळ वाढते. बाळंतविड्याचे कपडे गोळ्यांत ठेवू नयेत, हे प्रत्येक घरात कळायला हवं.

वनस्पतींच्या अर्काची मर्यादा कुठे येते हे शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम या फुलावरून नीट कळतं. त्या फुलांतली पायरेथ्रिनं डासाला झटक्यात लोळवतात, पण उन्हात टिकत नाहीत. त्यांचीच रचना समोर ठेवून इंग्लंडच्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1973 साली उन्हात टिकणारं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक तयार झालं. कीटकनाशक बसवलेल्या आजच्या मच्छरदाण्या त्याच घराण्यातल्या रसायनांच्या, आणि टिकाऊ म्हणवून घ्यायला त्यांना किमान 20 प्रमाणित धुण्यांत तगावं लागतं. आमच्या चादरीला ते जमलं नाही. डेंग्यूच्या दिवसांत मी नुसत्या सिट्रोनेलाच्या कपड्यावर विसंबून राहणार नाही, इतरांनीही राहू नये. खिडक्यांच्या जाळ्या, मच्छरदाणी आणि साचलेलं पाणी ओतणं हे आधी, कपडा त्यानंतर.

त्वचेचं म्हणाल तर मुलीला त्रास झाला नाही, मला घामाच्या दिवसांत मानेशी खाज आली. चादर नवीन असताना सासूबाईंच्या खोलीत आम्ही ठेवलीच नाही, कारण दम्याच्या माणसाला उग्र वासही सोसत नाही. त्या मच्छरदाणीतच झोपतात. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचा अर्क, ज्यात पीएमडी हा डास दूर ठेवणारा घटक असतो, तो डासांवर बराच वेळ टिकतो, पण तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये असा सल्ला आहे. कपड्यावर "लेमन युकॅलिप्टस" दिसलं तर मुलाचं वय आधी बघा.

किमतीला सिट्रोनेलाची चादर साध्या चादरीच्या जवळपास दुप्पट पडली. पुन्हा त्याच रूपात घेणार नाही. मुलीचे रात्रीचे कपडे घेईन, पूर्ण बाह्यांचे, एक माप मोठे, आणि जून लागता लागता, म्हणजे जोर असतानाचे महिने डासांच्या महिन्यांत पडतील. घेताना विक्रेत्याला कोणता अर्क, कशाने बसवला, किती धुण्यांपर्यंत आणि कोणत्या डासावर तपासला हे विचारेन. नुसतं "औषधी वनस्पतींनी युक्त" असं उत्तर आलं तर पुढे जाईन.

बचत गटाकडे मात्र आणखी कापड सांगितलंय, यंदा पाल्याऐवजी लिंबोळीच्या बीचं करून बघू म्हणून. अझाडिरॅक्टिन पानांपेक्षा बीत जास्त असतं. कोकणात कडुनिंब फार नाही, पण माझं माहेर सोलापूरकडचं, तिथे जून-जुलैत झाडाखाली लिंबोळ्यांचा सडा पडतो. बी सावलीत वाळवून पाठवायला वहिनीला सांगून ठेवलंय.