नव्या मीटरचे 1846 तास

बँकेत 34 वर्षं काढली, त्यातली शेवटची 11 ऑडिटला. दुसऱ्याच्या व्हाउचरवरची खाडाखोड मला दहा फुटांवरून दिसायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून ‘काका जरा भोळेच दिसतात’ असं कुणालाही वाटेल. भोळा नव्हतो. घाईत होतो, आणि समोरचा माणूस ‘सर, सर’ करत फार गोड बोलत होता.

निवृत्तीनंतर आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी शिडाची होडी घेतली. 26 फुटी, मुंबई बंदरात नांगरलेली, पोटात दोन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन. शिडाच्या होडीला इंजिन कशाला, असं सोसायटीत दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. मांडव्याहून परतताना वारा पडला आणि ओहोटी उलटी लागली, की मोठ्या जहाजांच्या वाटेत नुसतं तरंगत बसावं लागतं. त्यासाठी.

गाडीत आरपीएमच्या मीटरकडे, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेतंय ते दाखवणाऱ्या काट्याकडे, कोणी ढुंकून बघत नाही, होडीत मात्र तोच काटा नाडी दाखवतो. आमचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला 3600 फेऱ्यांचं. तेवढा थ्रॉटल देऊनही काटा तीन हजारांतच घुटमळला, तर पाण्याखालच्या पंख्याला किंवा होडीच्या तळाला शिंपल्यांचा थर धरलाय असं आधी समजायचं. आणि रोजच्या चालीला आम्ही 2600 च्या वर जात नाही.

पावसाळाभर होडी बाहेर काढलेली असते. गेल्या ऑक्टोबरात पाण्यात घातली. इंजिन पहिल्या चावीला लागलं, पण काटा उठेना. जरा थरथरला, एकदा 1200 पर्यंत जाऊन आला आणि आडवा झाला. त्याच मीटरच्या खालच्या छोट्या खिडकीत इंजिन आजवर चालल्याचे तास मात्र स्वच्छ दिसत होते, 1412.6. लॉगबुकात लिहिलेत म्हणून आकडा पाठ आहे. खरं तर सगळी केस तिथेच उघडी पडली होती. खिडकी उजळतेय म्हणजे मीटरला वीज पोचतेय, आणि काटा नाचून मग पडला म्हणजे कुठेतरी जोड सैल आहे. पण हे कळायला मला दीड महिना आणि 31,800 रुपये लागले.

मेकॅनिक ओळखीच्या ओळखीतून आला. त्याने नखाने काचेवर दोनदा टकटक केलं. “गेला सर. खारी हवा लागून आतलं सर्किट उडालंय. सेन्सरपण सोबत बदलू, नाहीतर नवीन मीटरपण जाईल.” निदान संपलं. वीज तपासायचा मल्टीमीटर त्याच्या पिशवीतच राहिला, बाहेर आला तो फोनमधला कॅल्क्युलेटर. मीटर 21,500, सेन्सर 6,800, मजुरी 3,500. वर म्हणाला, “पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के वेगळे लागतील.” आणि मी, हयातभर लोकांकडे बिलं मागितलेला माणूस, “राहू दे” म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

चार दिवसांनी मीटर आला. खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, बरोबर सिलिका जेलची पुडीसुद्धा. काच लखलखीत. त्याने तो पॅनेलच्या भोकात बसवला, सेन्सर फिरवून आत घातला, तारा जोडल्या. जुना मीटर तो पिशवीत टाकायला लागला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाला, “कंपनीला परत द्यावा लागतो सर. तुम्हाला एक्सचेंजचा रेट लावलाय.” मी मान डोलावली. पैसे त्याच्या मोबाईलवर तिथल्या तिथे पाठवले.

मग चावी फिरवली. काटा ऐटीत उठला, आणि खाली खिडकीत आकडे उजळले: 1846.3.

“हे काय?”

“ते फॅक्टरी टेस्टिंगचे तास असतात सर.”

परतीच्या लोकलमध्ये मी हिशेब केला. 1846 तास म्हणजे जवळजवळ 77 दिवस, रात्रंदिवस, चहालाही न थांबता. एक मीटर 77 दिवस चालवून बघणारी फॅक्टरी कुठली असेल, याचा विचार करत मी दादरला उतरलो. जुन्या धाटणीच्या मीटरात तासांच्या आकड्यांची चाकं असायची, ती दुकानातच वाचता यायची. या डिजिटल खिडकीत 12 व्होल्ट दिल्याशिवाय काहीच दिसत नाही, त्यामुळे खोक्यातला प्रत्येक मीटर नवाच. एवढं कळलं असतं तर पैसे देण्याआधी होडीच्याच बॅटरीवरून दोन तारा लावून बघितलं असतं.

कोणत्या तरी मोडीत निघालेल्या होडीचा माल असणार. मोडीच्या बाजाराशी माझं भांडण नाही. रे रोडजवळच्या दारूखान्यात तुटलेल्या जहाजांचं सामान वर्षानुवर्षं विकलं जातं, आमच्या दोरांच्या दोन कप्प्या मी तिथूनच घेतल्यात. तिथे जुनं जुन्याच्या भावात मिळालं.

पैसे गेल्याचं दुःख मी गिळूनही टाकलं असतं. पण पुढच्या दोन फेऱ्यांत डिझेल नेहमीपेक्षा जास्त लागलं, मागे काळपट धूर दिसायला लागला. आम्हाला होडीवर सोडायला येणारे कोळी तांडेल एकदा मांडव्यापर्यंत सोबत आले होते. त्यांनी कान दिला.

“साहेब, मशीन आज रडतंय. किती ठेवलंय?”

“2600. रोजच्यासारखं.”

“हे सव्वीसशे नाय.”

काट्यावर बोट ठेवून मी त्यांना पटवायला लागलो. ते हसले आणि समुद्राकडे बघत बसले.

घरी येऊन 1,100 रुपयांचा प्रकाशाच्या किरणाने फेऱ्या मोजणारा हातातला टॅकोमीटर मागवला. इंजिन बंद असताना क्रँकच्या पुलीवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावर, चमकत्या टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवायचा, मग चालू इंजिनासमोर, बाह्या आवरून, हातभर लांबून पुलीवर किरण मारायचा. टेप समोरून गेली की उपकरण एक फेरी मोजतं. पॅनेलवर 2600 होते. हातातल्या पडद्यावर 3390, 3402, 3396. तीनदा पुसून बघितलं. आकडा अठ्ठावीसशेपर्यंत गेला असता तरी चाललं असतं, हा फरक आठशेचा होता.

कारण सोपं निघालं. सेन्सर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड दातेरी चाकाच्या, दातांसमोर बसतो आणि प्रत्येक दातामागे मीटरला एक ठोका पाठवतो. किती ठोके म्हणजे एक फेरी, हे मीटरमध्ये आधी भरून ठेवावं लागतं. आमच्या फ्लायव्हीलला 97 दात, मीटर लावलेला 127 वर. ज्या इंजिनावर त्याने 1846 तास काढले, त्याचे दात तेवढे असणार. म्हणून 3400 फेऱ्यांना तो निर्विकारपणे 2600 दाखवत होता, आणि आम्ही म्हाताऱ्या इंजिनाला जवळजवळ दमछाक होईस्तोवर पळवत होतो. “दात किती धरलेत?” एवढा एक प्रश्न विचारला असता, तर गड्याची तेव्हाच पंचाईत झाली असती.

होडीतल्या लॉकरमध्ये कोपऱ्यात काढलेला जुना सेन्सर सापडला. तो न्यायला मेकॅनिक विसरला होता. मल्टीमीटर लावला, 1.6 किलोओहम, ठणठणीत. त्याच्या शेपटीला वीतभर वायर आणि तारा जोडायचा बुलेट कनेक्टर तसाच लटकत होता. कनेक्टर ओढला तर हातात आला. आतलं तांबं ताकात ठेवलेल्या पितळी भांड्यासारखं हिरवं कळकलेलं. घासून नवा कनेक्टर लावला, सेन्सर परत बसवला (दाताला टेकेपर्यंत आत, मग पाऊण आटा मागे), काटा उठला. कनेक्टरची किंमत सांगत नाही, लाज वाटते.

मेकॅनिकचा फोन तीन दिवस वाजला, मग बंदच लागायला लागला. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. बाई सौजन्याने बोलल्या आणि पहिलाच प्रश्न केला, बिल आहे का. माझ्याकडे पैसे दिल्याचा पुरावा होता, कशाचे दिले त्याचा नव्हता. ऑडिटमध्ये असा व्हाउचर मी लाल शाईने परत पाठवत असे.

विकत घेतलेला मीटर फेकला नाही. 97 वर आणून ठेवलाय, बरा चालतो. लॉगबुकात लाल पेनने लिहिलंय, ‘इथून मीटर 1846.3 म्हणजे इंजिन 1412.6’, म्हणजे उद्या होडी विकली तर घेणाऱ्याला चकवा नको. जुनी होडी बघायला जाल तेव्हा उलटा प्रकारही दिसेल: वीस वर्षांचं इंजिन, कोरा मीटर आणि खिडकीत 90 तास. तिथे तासांवर जाऊ नका, लॉगबुक मागा.

राहता राहिला आमचा स्वतःचा मीटर. तो बहुतेक बिघडलेलाच नव्हता. काचेवर डावीकडे, शून्याच्या जरा वर, दोर ताणायच्या विंचच्या हँडलने पडलेला बोटभर चरा आहे. 12 व्होल्ट दिले की 1412.6 दाखवेल. सिलिका जेलच्या पुडीसकट तो तुम्हाला कुणी दाखवला, तर कळवा.